शब्दचर्चा : 'क्रॉपर', 'कॅट' आणि 'ट्रॅक्टर्ड आउट' ('द ग्रेप्स ऑफ रॉथ' वाचताना)

आमच्या वाचनगटात सध्या जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (1939) चालू आहे. एकजण इंग्रजीतून वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो, म्हणजे ज्यांना इंग्रजी सरावाचं नाही त्यांनाही गोष्ट कळते. दुसऱ्याच प्रकरणात अडलो. तुरुंगातून सुटून घरी निघालेला टॉम जोड एका ट्रकमध्ये बसतो. त्याचे वडील चाळीस एकरांचे 'क्रॉपर' आहेत हे ऐकून ड्रायव्हरला नवल वाटतं. चाळीस एकरवाला क्रॉपर, आणि अजून 'डस्टेड आउट' झाला नाही, 'ट्रॅक्टर्ड आउट' झाला नाही? पुढे तो म्हणतो, क्रॉपर भराभर चाललेत, एक 'कॅट' दहा कुटुंबांना बाहेर ढकलते.

गटातल्या एका काकूंनी विचारलं, मांजर आडवं जाण्यासारखा तिकडचा काही समज आहे का? कुणालाच उत्तर देता आलं नाही. 'क्रॉपर'ला मी आपलं 'कूळ' म्हणून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून तो शब्द टोचतोय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

कॅट म्हणजे कॅटरपिलर. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर सरपटत चालणारा ट्रॅक्टर सुरवंटासारखा दिसतो, म्हणून हे नाव. 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र होऊन कॅटरपिलर ही कंपनी झाली आणि बोलण्यात तिच्या यंत्राचा 'कॅट' झाला. आपल्याकडे 'जेसीबी'चं तेच झालं ना. कंपनीचं नाव यंत्राला चिकटलं, आणि आता वस्तीत कुणी नुसतं 'जेसीबी आला' म्हटलं तरी लोक घराबाहेर धावतात. तुमच्या काकूंना हे सांगा, एका क्षणात कळेल.

प्रतिसाद

'कूळ' चालणार नाही, आणि का चालणार नाही ते जरा सविस्तर लिहितो. माझे आजोबा निम्म्या वाट्याने जमीन करायचे, त्यामुळे घरात हे शब्द ऐकतच वाढलो.

अमेरिकेच्या दक्षिणेत 1865 साली यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली. पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. सुटलेले गुलाम आणि भूमिहीन गोरे, दोघंही दुसऱ्याची जमीन करू लागले. त्यात पायऱ्या होत्या. रोख ठरवून जमीन घेणारा, म्हणजे आपला खंडाने करणारा. त्याखालचा वाटेकरी : खेचरं त्याची, अवजारं त्याची, आणि मालकाला साधारण मक्याचा तिसरा नि कापसाचा चौथा हिस्सा द्यायचा. सगळ्यांत खालचा क्रॉपर. त्याच्याजवळ फक्त स्वतःचे आणि बायकापोरांचे हात. जनावर, अवजार, बियाणं, राहायची खोपटी, सगळं मालकाचं. पीक आलं की निम्मं मालकाचं. उरलेल्या निम्म्यातून वर्षभराची उचल वळती व्हायची. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याच्या नजरेत तो शेतकरीच नव्हता. पीक मालकाचं, आणि क्रॉपर म्हणजे पिकाच्या रूपात मजुरी घेणारा मजूर.

म्हणजे आपल्या शब्दांत तो अर्धेलीवाला आणि सालगडी यांच्या मधला कुठेतरी. 'कूळ' म्हटलं की मराठी कानाला 1948 चा कूळ कायदा ऐकू येतो, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन ऐकू येतो, 'कसेल त्याची जमीन' ऐकू येतं. आपल्याकडे कूळ म्हणजे ज्याचा जमिनीवर काही ना काही हक्क आहे असा माणूस. मग वाचक विचारणार, अहो, हे लोक मामलेदाराकडे का नाही गेले? जोड कुटुंबाला जाण्यासारखा मामलेदारच नव्हता, ही तर या कादंबरीची सुरुवात आहे. तो शब्द वापरला की जोडांच्या हातात नसलेला कागद आपण त्यांच्या हातात देतो.

आणखी एक. जोड मंडळी जन्माची क्रॉपर नव्हेत. पाचव्या प्रकरणात अशा कुळांची कहाणी येते. आजोबाने जमीन धरली, वडिलांच्या काळात वाईट वर्ष आलं, थोडं कर्ज काढलं, जमीन बँकेची झाली, आणि आम्ही तिथंच राहून पिकातला थोडा वाटा घेत गेलो. आपल्याच जमिनीवर वाटेकरी. आपल्याकडे सावकारी पाशात अशी किती घरं गेली ते सांगायला नको.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात शेवटी तुम्हीही 'कुळांची' लिहून गेलात!

प्रतिसाद

खरंय. तिथे स्टाइनबेकच क्रॉपर न म्हणता 'टेनंट' म्हणतो, म्हणून हात तिकडे वळला. निवेदनात 'टेनंट' आणि 'ओनर मेन', बोलण्यात 'क्रॉपर', असा त्याचा साधारण कल आहे. निवेदनातल्या शब्दाला 'जमीन कसणारे' म्हणावं, बोलण्यात 'वाटेकरी' किंवा सरळ 'क्रॉपर' ठेवावं.

'ओनर मेन'ला 'मालक' म्हणू नका, 'मालकाची माणसं' म्हणा. ती बंद गाड्यांतून येतात, कोरडी माती बोटांनी चाचपतात, कधी मोठं गिरमिट जमिनीत घालून माती तपासतात. बहुतेक वेळा गाडीतूनच बोलतात. कसणारे उकिडवे बसून काडीने धुळीत रेघा ओढत ऐकतात. ही बसण्याची पद्धत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

फार मोलाचं सांगितलंत, दादा. आता 'ट्रॅक्टर्ड आउट'. मी पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं. ट्रॅक्टर सरळ रेषेत अंगणातून जातो, घराच्या कोपऱ्याला धडक देतो, घर पायापासून हलतं आणि कलतं. मला 'घरावर गाढवाचा नांगर फिरला' सुचलं. 1630 च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, तिथून आलेला वाक्प्रचार. इथेही उद्ध्वस्त घर आणि नांगरच आहे.

प्रतिसाद

ताई, सुचलंय सुंदर, पण मला पटत नाही. गाढवाच्या नांगरात सूड आहे. कुणीतरी सत्ताधीश चिडलाय आणि ही जागा पुन्हा वसू नये असा शाप देतोय. या प्रकरणाची भीती वेगळी आहे : इथे कुणीच चिडलेलं नाही. ट्रॅक्टर चालवणारा शेजारच्या डेव्हिसचा मुलगा आहे, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून आलाय. कसणारा बंदुकीची भाषा करतो, तर पोरगा म्हणतो, मला मारून काय होणार, दुसरा येईल. मग बँकेचा अध्यक्ष? त्याला वरून हुकूम. संचालक मंडळ? त्यांना पूर्वेकडून हुकूम. शेवटी माणूस विचारतो, मग गोळी घालायची तरी कुणाला? मुरार जगदेवाचं नाव पुण्याला माहीत होतं. इथे नावच सापडत नाही.

त्या पोराची दुपारची शिदोरीही पाहा. मेणकागदात गुंडाळलेला पांढरा पाव, चीज, डब्यातलं मांस, आणि यंत्राच्या सुट्या भागावर असावा तसा छाप मारलेला पायचा तुकडा. अजून गाव न सोडलेल्यांची भुकेली पोरं जवळ सरकून, तळलेली कणीक चावत, तो खातो ते बघत बसतात. 'ट्रॅक्टर्ड आउट'चा अर्थ मला त्या दृश्यात सगळ्यांत जास्त कळला.

प्रतिसाद

यात सरकारी धोरणाचाही भाग आहे, तो कादंबरीत थेट येत नाही. मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. 1933 च्या शेती समायोजन कायद्याने कापूस कमी लावायचे पैसे द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी उभं पीक नांगरून टाकलं, सुमारे 1 कोटी एकर. पैसे मुख्यतः मालकाच्या हातात पडले. लागवड कमी म्हणजे क्रॉपरची गरज कमी, आणि हाती आलेल्या रोख रकमेतून ट्रॅक्टर. म्हणजे ज्या मदतीने शेती वाचवायची, तिनेच शेत करणारा उठवला.

'डस्टेड आउट' मात्र जपून वापरा. 14 एप्रिल 1935 चा 'काळा रविवार', सूर्य झाकून टाकणारी धुळीची भिंत, हे सगळं ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाच्या चिंचोळ्या पट्ट्यातलं आणि त्याच्या आसपासच्या राज्यांतलं. जोडांचं सॅलिसॉ राज्याच्या पूर्व टोकाला, आर्कान्सॉच्या सीमेजवळ. अवर्षण तिथेही होतं, पण धूळवादळांचा मुख्य प्रदेश तो नव्हे. त्यामुळे जोडांना धुळीपेक्षा ट्रॅक्टरने आणि बँकेने बाहेर काढलं, असंच मी वाचतो. सॅलिसॉचा हा भाग 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य होईपर्यंत चेरोकी या तिथल्या आदिवासींच्या राष्ट्राचा होता. 1838-39 मध्ये आपल्या मूळ मुलखातून हाकलून त्यांना तिथे आणलं होतं. तेव्हा 'आजोबाने जमीन धरली' हे साधं वाक्य वाचताना, ती कुणाकडून, हेही गटात बोला. जमिनीवरून उठवले गेलेले लोक त्या मातीत याआधीही होते.

प्रतिसाद

मी गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ राहते, म्हणून 'ओकी'बद्दल लिहिते. जमीन गेल्यावर जोड मंडळी कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात येतात. ती ज्या वीडपॅच या सरकारी छावणीत राहतात ती इथून जवळच, आर्विनला होती. मूळ इमारतींपैकी काही अजून उभ्या आहेत. त्या छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांनाही स्टाइनबेकने पुस्तक अर्पण केलंय. आणि याच कर्न काउंटीने ऑगस्ट 1939 मध्ये आपल्या वाचनालयांतून आणि शाळांतून ते पुस्तक काढून टाकलं. बंदी 1941 पर्यंत टिकली.

'ओकी' म्हणजे मुळात ओक्लाहोमाचा माणूस. कादंबरीत एकजण जोडांना आधीच सांगून ठेवतो की आता ती शिवी झालीय. शब्दात काही नाही, म्हणणाऱ्याच्या सुरात आहे. म्हणूनच त्याला 'उपरा' किंवा 'घाणेरडा' असा प्रतिशब्द देऊ नये. मुंबईत 'भय्या' हा शब्द कसा उच्चारला जातो ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. अर्थ भाऊ, आणि सुरात सगळा तिरस्कार. शब्दाला हात न लावता नुसत्या सुराने माणूस कसा खाली ढकलला जातो, ते मराठी वाचकाला तिथून समजेल. इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडून मी तोच 'ओकी' अभिमानाने उच्चारलेलाही ऐकलाय.

त्यांच्या निघण्याला मात्र 'स्थलांतर' म्हणू नका. तो कचेरीतला शब्द. दुष्काळात आपल्याकडे लोक 'जगायला गेले' म्हणतात. जोड मंडळी जगायला गेली.

प्रतिसाद

'जगायला गेली'ला शंभर टक्के अनुमोदन.

नावाबद्दलही कुणीतरी विचारेलच. 'रॉथ' म्हणजे नुसता राग नव्हे. ज्युलिया वॉर्ड हाऊ यांच्या यादवी युद्धकाळातल्या गीतातून ते शब्द आले, आणि गीतात ते बायबलच्या प्रकटीकरणातून. तिथे देवाच्या क्रोधाचं द्राक्षकुंड आहे, ज्यात द्राक्षं पायांनी तुडवली जातात. आपल्याला द्राक्षं बागेतली, पेटीतली माहीत. तुडवलेली द्राक्षं डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे नाव लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटात असं वाचलं :

"चाळीस एकरांचा क्रॉपर, आणि त्याला अजून धुळीनं उठवलं नाही, ट्रॅक्टरनं उठवलं नाही? ... क्रॉपर भराभर चाललेत. एक कॅट येतो आणि दहा बिऱ्हाडं हलवतो."

'कॅट' पुल्लिंगी केला, ट्रॅक्टर म्हणून. 'उठवणं' घेतलं कारण धरणानं उठवलेली गावं आपल्या बोलण्यात आहेत.

प्रतिसाद

'उठवलं' अगदी बरोबर. फक्त शेवटी 'हलवतो' नको. बिऱ्हाड आपण आपल्या मर्जीनेही हलवतो. तिथेही 'उठवतो'च म्हणा.