तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात ढवळायचे नाही, मग शिजते कसे?

प्रिटोरियावासी: येथे दक्षिण आफ्रिकेत शेजाऱ्यांच्या अंगणात पॉइकीकॉस, म्हणजे तीन पायांच्या, गोल बुडाच्या बिडाच्या भांड्यात निखाऱ्यांवर शिजवलेला मांस आणि भाज्यांचा थरांचा रस्सा, अनेकदा खाल्ला आहे. आता घरीही ३ क्रमांकाचे, साधारण आठ लिटरचे भांडे आणले आहे. एकदा थर लावले की येथील मंडळी डावाला हात लावू देत नाहीत. मटण सतत परतणाऱ्या आपल्यासारख्यांना प्रश्न पडतो की, ते बुडाला लागत कसे नाही आणि वरच्या भाज्या शिजतात कशा? शिवाय नवे भांडे वापरण्यापूर्वी काय करावे?

निखारा: सारे मर्म आचेत आहे. ज्वाळ हवी ती फक्त सुरुवातीला, कांदा आणि मांस तांबूस परतेपर्यंत. पुढे जळती लाकडे बाजूला ओढावीत, भांड्याखाली मोजकेच निखारे ठेवावेत आणि शेजारच्या जाळातून लागतील तसे सरकवावेत. जाड बीड उष्णता धरून ठेवते आणि जड झाकणाखाली वाफ पाणी होऊन परत खाली पडते, त्यामुळे पाणी अगदी बेताचे लागते. मांसाच्या लगेच वर गाजर-बटाटा आणि सर्वांत वर अळंबीसारख्या नाजूक भाज्या रचाव्यात, कारण वरचा थर वाफेवरच शिजतो. ढवळल्यास बटाटा फुटतो, त्याचे पीठ खाली बसते आणि नेमके तेच करपते. झाकणाजवळ कान न्यावा: मंद बुडबुड ऐकू आली तर ठीक, खदखद ऐकू आली तर निखारे काढावेत. मेंढीच्या मानेचे किंवा नळीचे तुकडे घेतल्यास तीन तास तरी द्यावेत. बिनहाडाचे, बिनचरबीचे मांस मात्र एवढ्या वेळात चोथा होते.

बिडाचा तवा: नवे भांडे गरम पाण्याने खरडून धुवावे, त्यात बटाट्याच्या साली उकळून ते पाणी फेकावे, भांडे विस्तवावर कोरडे करावे आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावे. हे काही वेळा करावे. जाड थर दिल्यास तो चिकट राहतो. कोकणात घावनाचा तवा वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. सुरुवातीला टोमॅटो आणि वाइन टाळावी, कारण आंबट पदार्थ तो थर खातात, आणि उरलेला रस्सा रात्रभर भांड्यात ठेवू नये. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतल्यास बीड तडकते.

रानवाट: लाकडाविषयी थोडे. कॅमलथॉर्नचे निखारे फार वेळ टिकतात, परंतु ते झाड दक्षिण आफ्रिकेत संरक्षित आहे. त्याऐवजी रूइक्रान्स घ्यावे. ही ऑस्ट्रेलियातून आलेली बाभळीची जात केपच्या किनाऱ्यावर उपद्रवी ठरली असल्याने ती जाळण्यात संकोच नको. आपल्या प्रिटोरियाच्या बाजूला हिवाळा कोरडा असतो, तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये वाळलेल्या गवतापासून दूर चूल मांडावी आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी. आणि हो, ढवळण्याबाबत माझे मत किंचित वेगळे आहे: वाढण्याच्या अगदी आधी एकदा तळापासून हलक्या हाताने वर आणले तर काही बिघडत नाही, फक्त यजमान आफ्रिकानर, म्हणजे येथील मुख्यतः डच वंशाचे गोरे, असतील तर त्यांच्यासमोर करू नये.