मदत हवी आहे: चाळीतलं सागवान नव्या घराच्या छताला चालेल का?

पागोळी:
लवकर उत्तर हवंय. आमच्या गिरगावातल्या चाळीचं पाडकाम येत्या आठवड्यात सुरू होतंय. तुळया, जिना, खिडक्यांच्या चौकटी, सगळं बर्मा सागवान आहे. गोराईला आजोळच्या जागेवर घर बांधतेय, त्याला हे वापरायचंय. एसी लागू नये आणि पुढच्या पिढीला पाडावं लागू नये, असं घर हवंय. ठेकेदार म्हणतो स्लॅब टाका, लाकूड हॉलमध्ये शोभेला लावू. मला शोभेला नकोय. या तुळयांवर कौलारू छप्पर उभं राहील का, एवढंच सांगा.

मंदार_स्ट्रक्चरल:
तुळया किती लांब, किती जाड, किती नग? खोलीची रुंदी किती? माळा आहे का? हे कळल्याशिवाय हो म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल.

पागोळी:
चाळीत असतात तशाच आहेत हो. इतकी वर्षं तीन मजले पेलून उभ्या आहेत, आणखी काय पाहिजे?

वखारीतला:
ताई, तुळई मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा, असं जुन्या चाळीत नेहमी होतं. टोकं भिंतीत गाडलेली असतात आणि मोरीचं, पावसाचं पाणी नेमकं तिथंच मुरतं. टोच्या खुपसून बघा. हातोडीने ठोकत जा, कुजलेलं लाकूड बद्द वाजतं. ते कापलं की चौदा फुटी तुळई बारा फुटीच उरते. म्हणून आधी नकाशा आणि मग लाकूड, हा क्रम उलटा करा. निरोगी लाकूड किती फूट निघतंय ते मोजा आणि त्यावरून खोलीची रुंदी ठरवा. कडेचा फिकट पट्टा असेल तर तासून टाका, वाळवी तिथून शिरते. सागाचा गाभा ती सहसा खात नाही. आरागिरणीत नेण्याआधी खिळे काढून घ्या, एका खिळ्याने पातं जातं. म्हणूनच बरेच गिरणीवाले जुना माल हातात घेत नाहीत.

दहिसरची_माई:
बाळ, पाडलेल्या घराचं लाकूड नव्या वास्तूला लावू नये म्हणतात. निदान देवघराला तरी नवीन घे.

रंधा:
माई, कोकणात जुन्या घराचे वासे, कौलं नव्या घराला लावणं पूर्वापार चालत आलंय. चांगलं लाकूड जाळायचं का?

चुन्याचा_गिलावा:
लाकडाबरोबर विटाही उचला. चुन्यात बांधलेल्या विटा अखंड सुटतात, सिमेंटमधल्या फुटतात. भिंती रॅट-ट्रॅप पद्धतीने बांधा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली. वीट कडेवर उभी ठेवायची, मधे पोकळी राहते. सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि उन्हाची धग आत यायला वेळ लागतो.

मंदार_स्ट्रक्चरल:
गोराईत पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड बसते. सांधा उघडा राहिला की पोकळीत पाणी. जुन्या विटांत खार असेल तर गिलावा फुगून पडेल. मी नाही सुचवणार.

चुन्याचा_गिलावा:
पश्चिमेला खोल पडवी काढा, झड भिंतीपर्यंत येणारच नाही. मुंबईत दुपारचा वारा समुद्राकडून येतो आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. भिंत बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर घर तापलं. पडवीत दोन्ही साधतं.

मंदार_स्ट्रक्चरल:
पडवी एकदम मान्य. पोकळ भिंत पश्चिमेला अमान्य, बाकी तीन बाजूंना करा. उत्तरेच्या खिडक्यांवरही छज्जा हवा. मुंबई १९ अंशांवर आहे, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. लोक दक्षिण सांभाळतात आणि मे महिन्यात उत्तरेकडून भाजून निघतात.

सौरभ_सोलर:
तीन किलोवॉटचे सोलर पॅनल बसवा, विजेचं बिल बरंच कमी येईल.

रंधा:
त्यांनी छप्पर विचारलंय हो. विजेचंच बघायचं तर बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) पंखे घ्या, साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज खातात.

पागोळी:
पडवीचं पटलं, धन्यवाद. माप घेऊन आले. सहा बाय दहा इंची, बहुतेक चौदा फुटी. चार तुळयांची टोकं मऊ लागली. घर एकमजली. कौलं किती लागतील?

वखारीतला:
मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ धरा, म्हणजे ब्रासला (१०० चौरस फुटांना) १४०. फुटतील ती वेगळी धरा. मोजताना छपराचा उतार मोजा, खालची जमीन नाही. कौलांखाली फळ्यांचं अस्तर द्या आणि मधे हवा खेळू द्या. त्या फटीमुळेच दुपारी खोली निवांत राहते.

मंदार_स्ट्रक्चरल:
एकमजली कौलारूला सहा बाय दहाची ही जाडी उत्तम वाटतेय. तरी उतार आणि तुळयांमधलं अंतर ठरल्यावर इंजिनियरकडून हिशेब करून घ्या.

भाडेकरू_संघ:
दोन गोष्टी कोणी विचारल्याच नाहीत. जागा भरतीरेषेपासून किती लांब? ५०० मीटरच्या आत असेल तर आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, बघा. आणि चाळ पागडीची, म्हणजे तुम्ही भाडेकरूच ना? मग लाकूड तुमचं कसं?

पागोळी:
पागडीचीच. विकासकाने पाडकाम भंगारवाल्याला दिलंय. आमच्याच खोलीतलं लाकूड आहे, तो नाही कसा म्हणेल? अंतर मोजलेलं नाही.

भाडेकरू_संघ:
तो नाहीच म्हणेल. पाडकामाचा ठेका घेताना त्याने लाकडाची किंमत धरलेली असते. उद्याच भेटा, तुळयांवर खडूने खुणा करा, नगावर दर ठरवा आणि "करवतीने न कापता, अखंड उतरवून" असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर ट्रकमध्ये मावावं म्हणून जागेवरच तुकडे करतात.

वखारीतला:
आणि गोराईला नेलंत की जमिनीपासून हातभर वर, प्रत्येक थरात पट्ट्या घालून रचा. ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू उघड्या ठेवा. मऊ टोकं आधी कापा, मगच थप्पी.