छापते कमी, तरी शाई संपते. कार्ट्रिज घेऊ की नवा प्रिंटर?

रानवारा:
घरी इंकजेट आहे. मुलीचे शाळेचे प्रकल्प आणि एखादा फॉर्म, एवढंच छापते. मधे कित्येक आठवडे तो नुसता पडून असतो. तरी ‘शाई संपली’ म्हणतो. काळं आणि रंगीत कार्ट्रिज मिळून जवळजवळ नव्या प्रिंटरएवढे पैसे जातात. मग नवा प्रिंटरच का घेऊ नये? शाई जाते तरी कुठे?

टाकदौत:
नवा घेऊ नका. सोबतची कार्ट्रिज बऱ्याचदा कमी भरलेली असतात. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि शाईवर कमवायचं, यावरच हा धंदा उभा आहे.

तुमची बरीचशी शाई कागदापर्यंत पोचतच नाही. हेडची, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागाची, छिद्रं केसाहून बारीक. ती बुजू नयेत म्हणून प्रिंटर अधूनमधून शाई सोडून हेड साफ करतो आणि ती शाई आतल्या स्पंजात मुरते. खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचा असतो, म्हणजे ठरावीक रंगीत पानं सलग छापून काढलेला. क्वचित छापणाऱ्याला तो गाठता येत नाही. काही प्रिंटर काळ्या मजकुरातही रंगीत शाई मिसळतात, म्हणून ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय असेल तर तो निवडा. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या नाही. तेव्हाच हेड नीट झाकलं जातं.

जुनाखिळा:
रंग लागत नसेल तर काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर कोरडी पूड असते, वाळायचा प्रश्नच नाही. टँकवाला, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई भरायचा इंकजेट, भरपूर छापणाऱ्यांसाठी. त्याची शाई स्वस्त, पण पडून राहिला तर हेड तसंच वाळतं.

रानवारा:
प्रकल्पांना रंग लागतोच हो. रिफिल चालेल का?

टाकदौत:
चालेल. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने रिफिलवाल्यांवर पेटंटचा खटला भरला होता. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही. आता अडवणूक कार्ट्रिजवरच्या चिपवरून होते. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं की काही प्रिंटर बाहेरचं कार्ट्रिज नाकारतात. मला याचा मनापासून राग येतो. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात कुठली शाई भरायची, हे घेणाऱ्यानेच ठरवायला हवं.

रानवाराताई, कार्ट्रिज काढून बघा. त्यावरच धातूची पट्टी आणि छिद्रांच्या बारीक रेघा दिसल्या तर हेड कार्ट्रिजमध्येच आहे. मग रिफिल बिनधास्त करा. हेड बिघडलंच तर कार्ट्रिज बदलावं लागेल, प्रिंटर नाही.