शाळेतून आलेली डोळ्यांची चिठ्ठी

सायली (बी-४०३): नमस्कार. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. अन्वीच्या चिठ्ठीवर ‘उजवा डोळा, नेत्रतज्ज्ञांना दाखवा’ असं लिहिलंय. दुसरीत आहे, घरी सगळं नीट वाचते, कसली तक्रारही नाही. खरंच दाखवायला हवं का?

कुलकर्णी काका (ए-१०१): सायली, एवढ्या लहान वयात चष्म्याच्या मागे लागू नकोस. एकदा लागला की नंबर वाढतच जातो. गाजर, पालक दे.

डॉ. मेघना (सी-२०४): सायली, दाखवच, आणि याच आठवड्यात. काका, तुमची माया कळते, पण इथे थांबणं बरं नाही. मूल वाढतं तसा डोळ्याचा गोळा लांबट होत जातो, म्हणून मायनस नंबर वाढतो. चष्मा नाही घातला तरी वाढतोच. गाजर-पालक जरूर द्यावा, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. पण नंबर त्याने उतरत नाही.

सायली: पण तिला त्रास काहीच नाही ना?

डॉ. मेघना: म्हणूनच तर उशीर होतो गं. एक डोळा चांगला असला की मूल त्याच्यावर सगळं निभावून नेतं. दुसऱ्याला धूसर दिसतंय हे त्याला कळणार कसं? त्या डोळ्याने स्वच्छ कधी पाहिलेलंच नसतं. मग मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. साधारण शंभरात एक-दोन मुलांना असतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चांगला सुधारतो, पुढे अवघड होत जातं. नुसता नंबर असलेली मुलं तर कितीतरी जास्त. दिल्लीतल्या ५ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर निघाला. सगळ्यांनीच आज घरी मुलांचा एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या कॅलेंडरवरचं वाचून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून काही कळत नाही.

शिंदे बाई (ए-३०२): वर्गात मी हे रोज बघते. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल आळशी नसतं, त्याला दिसत नसतं. आणि हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला तो. चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका.

इरफान (बी-१०२): सायलीताई, आमच्या झैदला हेच होतं. चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. सुरुवातीला ओढून काढायचा. मग पट्टी लावली की चित्र रंगवायला बसवायचो, तेव्हा रमला. आता मागच्या बाकावरून फळा वाचतो. काही विचारायचं असेल तर कधीही फोन करा.

प्राजक्ता (सी-५०१): हे सगळं मोबाइलमुळेच ना?

डॉ. मेघना: सगळं नाही. आई-बाबांना नंबर असला तर मुलांना लागण्याची शक्यता वाढते. आळशी डोळाही मोबाइलने होत नाही. पण तासन्‌तास जवळचं बघणं आणि दिवसाउजेडी बाहेर न जाणं, याने मायनस नंबर लागायला हातभार लागतो. चीनमध्ये ग्वांगझूच्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. सेक्रेटरी साहेब, दुपारी चार ते सहा मुलांनी खाली खेळायचं नाही हा आपला नियम बदला, ही माझी कळकळीची विनंती आहे. ऊन असतं तेव्हाच आपण त्यांना घरात कोंडतो.

सेक्रेटरी: मॅडम, रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला विषय हाच घेतो.

कुलकर्णी काका: माझा पाठिंबा आहे. आमच्या गॅलरीखाली खेळू देत. मेघना, नातू पहिलीत आहे, त्यालाही घेऊन येतो.

सायली: गुरुवारची वेळ मिळाली. डोळ्यात थेंब घालतील म्हणाले.

डॉ. मेघना: हो, लहान मुलांचा नंबर तसाच नीट निघतो. घरी आल्यावर काही काळ जवळचं धूसर दिसेल आणि उजेड टोचेल, घाबरू नकोस. टोपी सोबत ठेव, त्या दिवशी अभ्यासाला बसवू नकोस. शाळेची चिठ्ठी विसरू नकोस.