केंद्र, राज्य आणि पेट्रोलवरचे १ रुपया ४० पैसे

तिरकस: केंद्र-राज्य वाद निघाला की लोक घटनेचं सातवं परिशिष्ट (कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा, कुठला दोघांचा) उघडून बसतात. संघ सूची, राज्य सूची, समवर्ती सूची, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण आणि वनं राज्यांच्या हातून कशी निसटली, वगैरे. सगळं खरं. पण राज्यांचे अधिकार आता सूचीतून नाही, उपकरांतून (ठरावीक कामासाठी लावलेल्या जादा करांतून) कमी होतात, असं माझं मत आहे.

फेब्रुवारी २०२१ घ्या. पेट्रोलवर केंद्राची वसुली लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क किती? १ रुपया ४० पैसे! राज्यांना वाटा मिळतो तो एवढ्यातूनच. उरलेले साडेएकतीस रुपये उपकर आणि विशेष अतिरिक्त शुल्काच्या नावाखाली, आणि ते वाटपात धरायचेच नाहीत, अशी घटनेतच सोय. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो; चौदाव्या आयोगानं तो ३२ वरून ४२ टक्के केला (जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर ४१) म्हणून कौतुक झालं. पण टक्के ज्या रकमेवर काढायचे, तीच आखडत नेली तर टक्क्यांना काय चाटायचंय?

सरळरेषा: उपकराचे पैसे काय दिल्लीत पुरून ठेवतात? महामार्ग राज्यांतूनच जातात ना? आणि केंद्राचे हात बांधले तर बिहारला कोण देणार, महाराष्ट्र? इथले पुढारी तर आत्ताच "आमच्या कराचे पैसे आम्हाला द्या" म्हणून ओरडतायत.

तिरकस: बिहारचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्रात ४५ टक्के वजन उत्पन्नातल्या तफावतीला होतं, म्हणजे जितकं गरीब राज्य तितका मोठा वाटा. उपकर वाटपात आले तर बिहारचाच फायदा. महामार्ग कुठून न्यायचा याला मात्र असलं कुठलंही सूत्र नाही, ते दिल्ली ठरवणार. अधिकार म्हणतात तो हाच.

मीनाक्षी_स: राज्यांना एवढं स्वातंत्र्य प्रिय होतं तर जीएसटीला होकार का दिला? जीएसटीचे दर सुचवणाऱ्या परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, राज्यांची मिळून दोन तृतीयांश. केंद्र एकट्यानं काहीच मंजूर करू शकत नाही.

तिरकस: पण अडवू शकतं. ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. सगळी राज्यं एकदिलानं उभी राहिली (राहणार नाहीत, तो भाग वेगळा) तरी दोन तृतीयांशापुढे जात नाहीत. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं खरं, पण वेगळा दर लावून बघण्याची हिंमत कुठलं राज्य करणार?

नळकोंडाळं: राज्यांचा एवढा कळवळा बघून हसू आलं. ७४व्या घटनादुरुस्तीनं नागरी संस्थांसाठी १८ विषय लिहून ठेवले, राज्यांनी त्यातले किती खरोखर सोडले? मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये गेली, तेव्हापासून पालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानं कारभार केला. केंद्र राज्याचं जे करतं, तेच राज्य पालिकेचं करतं, फक्त ओरडणारा बदलतो.

सरळरेषा: +१. अगदी हेच.

तिरकस: नळकोंडाळं, हे सगळं कबूल. पण सासू सुनेला छळते म्हणून सासऱ्यानं सासूला छळावं, असा काही नियम नाही. पालिकांना द्याच, पण द्यायला राज्याच्या हातात काही हवं ना? माझी मागणी साधी आहे: प्रत्येक उपकराला मुदत हवी, मुदत संपली की बंद करा नाहीतर वाटपात धरा.

मीनाक्षी_स: मुदत होती की. जीएसटीमुळे राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून देण्यासाठीचा भरपाई उपकर पाच वर्षांसाठी होता, जून २०२२ मध्ये संपायचा. तो मार्च २०२६ पर्यंत लांबवला तो कर्जफेडीसाठी, आणि ते कर्ज कोविडमध्ये राज्यांचीच भरपाई द्यायला काढलं होतं. तो उपकर मुदतीत बंद केला असता तर हप्ते कुणी भरले असते, तेही लिहा.