लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला तक्रार नको असेल, तरी रुग्णालयाने पोलिसांना कळवावं का?

उंबरठा: अत्याचार झालेली सज्ञान बाई कॅज्युअल्टीत येते, म्हणते, "औषधं द्या, पोलीस नकोत." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 म्हणतं, मोफत उपचार द्या आणि पोलिसांना लगेच कळवा. (अठराखालच्यांसाठी पॉक्सो हा वेगळा कायदा आहे, तो वाद इथे नको.) माझ्या मते या सक्तीनेच बाई दारातून परत फिरते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, मग 28 दिवस रोज. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी, 1.5 मिलिग्रॅम, जितकी लवकर तितकी बरी. ती परत गेली की हे सगळं हुकलं.

सरळरेघ: कळवणं म्हणजे एफआयआर नव्हे! केंद्राच्या 2014च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: एमएलसी, म्हणजे रुग्णालयाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करा, परिणाम समजावून सांगून मग तिचा नकार लिहा, उपचार अडवू नका. महिन्याभराने तिचं मन बदललं तर स्वॅब (अंगावरून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) कुठून आणणार? 96 तासांनंतर फारसं हाती लागत नाही.

उंबरठा: कागदावर ठीक. प्रत्यक्षात कळवलं की हवालदार पडद्यापाशी हजर, "जबाब द्या" म्हणत.

सरळरेघ: मग त्याला बाहेर बसवा. तपासणीच्या खोलीत पोलीस नकोच. आणि "आधी पोलिसांचं पत्र आणा" हेही चुकीचं, सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच तसं सांगितलंय.

कागदी_पिशवी: कळवण्यावर भांडताय, पण नमुने बिघडतात त्याचं काय? कपडे काढताना पायाखाली स्वच्छ कागद अंथरायचा, म्हणजे केस, माती त्यावर पडते. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. स्वॅब सावलीत वाळवूनच सील करायचा. ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी धरते, डीएनए जातो. जखम दिसली नाही तर आंघोळ, लघवी, आलेला उशीर हेही नोंदवा, नाहीतर कोर्टात त्याचा अर्थ "काही घडलंच नाही" असा लावतात. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून संबंधांची "सवय" तपासणं) सर्वोच्च न्यायालयाच्या 2022च्या निकालानुसार गैरवर्तन आहे, तरी "सवय आहे" असले शेरे अजून दिसतात. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं. ती "थांबा" म्हणाली की हात मागे.

उंबरठा: नमुन्यांचं पटलं. पण "आम्ही पोलिसांना कळवणार आहोत" हे तिला कधी सांगायचं? सही झाल्यावर सांगणं ही फसवणूक आहे.

सरळरेघ: अर्थात आधीच. उपचार, तपासणी, नमुने यांची संमती वेगवेगळी, तिच्या भाषेत. नमुन्यांना नाही म्हणाली तरी गोळ्या मिळणारच, हेही त्याच वेळी.

उंबरठा: आणि ते ऐकून ती उठून गेली तर?