दिवस कलला की कोंबड्यांची नाटकं सुरू, हे नॉर्मल आहे का?

परसातला_पाहुणा:
परसात सात-आठ कोंबड्या आहेत, जुन्या जास्त आणि तीन तलंगा (तरण्या कोंबड्या), शिवाय एक कोंबडा. दिवसभर काही ताप नाही पण ऊन उतरलं की यांचं काहीतरी बिनसतं. आधी खायला अशा तुटून पडतात की बघणाऱ्याला वाटेल सकाळपासून उपाशी ठेवल्यात, मग सगळ्या खुराड्याच्या दारात गर्दी करतात, एक आत जाते, बाहेर येते, दुसरीला टोचते, परत आत, हे अंधार पडेपर्यंत चालू. आणि हल्ली दोन तलंगा आत जायचं नावच घेत नाहीत, झाडावर जाऊन बसतात. अंधार झाल्यावर उचलून आणल्या तर हूं की चूं नाही, उजेडी त्यांना हात लावून दाखवा! काय प्रकार आहे हा?

टोचाटोची:
दारातलं भांडण जागेसाठीचं आहे, त्यात पडू नका. कोण कुठे बसणार हे त्यांचं ठरलेलं असतं, वरची आणि आतली जागा दांडग्या कोंबडीची, तलंगांना उरलेलं टोक. पेकिंग ऑर्डर हा शब्द आपण ऑफिसात वापरतो ना, तो कोंबड्यांवरूनच आलाय, थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १९२० च्या सुमारास ही उतरंड मांडली, आणि गडी लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळत होता म्हणे. झाडाचं म्हणाल तर त्यांचे पूर्वज रानकोंबडे, ते रात्री झाडावरच झोपतात, त्यामुळे आत जागा मिळाली नाही की हा पर्याय त्यांना सुचतोच. अंधारात गप्प राहतात कारण त्यांना तेव्हा जवळजवळ दिसत नाही.

खुराड्यात रात्री बसायची जी आडवी दांडी असते, तिच्यावर एकीला साधारण २० ते २५ सेंमी जागा लागते. तेवढी आहे का मोजा.

शिंपलेवाली:
खाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ती हाव नाही हो. रात्रभर पोटात काही जाणार नसतं म्हणून गळ्याखालची पिशवी भरून घेतात, झोपायच्या वेळी तिथे हात लावून बघा, टम्म लागेल, आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे, नाही लागली तर मात्र काळजी करा. दुसरं म्हणजे अंड्याचं कवच व्हायला २० तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, म्हणून अंडी घालणाऱ्या कोंबड्या कवचाच्या कॅल्शियमसाठी संध्याकाळी शिंपल्याचा चुरा शोधतात. वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात कालवू नका. जिला हवं ती खाईल, कोंबड्याला त्याची गरज नाही.

रात्रपाळी:
टोचाटोची यांचं पटतं पण अर्धंच. आधी आत जाणाऱ्या तलंगा अचानक जायच्या बंद झाल्या असतील तर मी आधी किडे बघेन. लाल माइट म्हणतात ते, एक मिलिमीटरपेक्षा लहान, दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. म्हणजे दिवसा कोंबडी उलटीपालटी करून बघितली तरी एक सापडणार नाही आणि तुम्ही म्हणणार सगळं ठीक आहे. अंधार पडून तास-दोन तास झाले की बॅटरी घेऊन जा, दांडीची टोकं जिथे भिंतीत टेकतात तिथे खालून पांढरा कागद घासा. लाल रेघा उठल्या तर समजा. तुरा फिका पडलाय का तेही बघा.

परसातला_पाहुणा:
कागद घासला. रेघाच रेघा, शी!! तलंगा बसायच्या त्याच टोकाला जास्त आहेत. जागा पण कमी पडतेय, मोजली. आता सगळं खुराडं जाळायचं का?

रात्रपाळी:
जाळू नका हो 😄 दांड्या काढता येत असतील तर काढून उकळतं पाणी ओता, फटी ब्रशने खरवडा, खालचं सगळं अंथरूण बदला. औषध कोणतं आणि किती ते डॉक्टरांना विचारा, अंडी खाताय ना. आणि हे एकदा करून थांबायचं नाही, उबदार हवेत अंड्यापासून मोठा किडा व्हायला आठवडा पुरतो, त्यामुळे ५-७ दिवसांनी परत, मग परत. न खाता महिनोन्महिने तग धरतात ते.

टोचाटोची:
किड्यांचं मान्य, माझ्या डोक्यात आलं नाही. आता दांडी नवीन करतच आहात तर अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच लावा, नाहीतर खोक्यात झोपून सगळं घाण करतील. पण उगाच खूप उंच नको, सकाळी उडी मारताना छातीच्या हाडाला मार बसतो. आत बाहेरच्यापेक्षा लवकर अंधार होत असेल तर थोडा वेळ मंद दिवा लावा, मात्र सगळ्या दांडीवर चढल्याशिवाय बंद करू नका, खाली राहिलेल्या तिथेच बसून राहतील. आणि झाडावरच्या दोघींना सफाई होईपर्यंत झाकलेल्या पिंजऱ्यात ठेवा, उघड्यावर मांजर सोडणार नाही.